काखेतली हलगी

मी डूख धरणारी बाई आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही ते नाकारायचं नाही. शाळेत असताना एखाद्या मुलीनं माझी पाटी फोडली तर मी वर्ष संपेपर्यंत तिच्याशी बोलत नसे. आता केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण ही खोड काही गेली नाही. उलट नोकरी लागून पगारातून टॅक्स कापला जायला लागला तशी ती जास्तच बळावली.

मी लातूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फेब्रुवारीचा पगार म्हणजे आम्हा शिक्षकांच्या घरात सुतक. वर्षभराचा राहिलेला इन्कम टॅक्स त्या एका महिन्यात कापून घेतात. आमच्या किराणा दुकानदारालाही हे ठाऊक आहे. तो फेब्रुवारीत मॅडमकडे उधारी मागत नाही. अशाच एका फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि विषय निघाला, की पुढाऱ्यानं स्वतःचा टॅक्स भरला काय आणि नाही भरला काय, मत देणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय? वरच्या वर्गांना इतिहास शिकवणारे आमचे एक सर म्हणाले, "मॅडम, रस्ता केला का, पाणी आणलं का, एवढं बघायचं. त्याच्या खिशात वाकून बघायची आपल्याला काय गरज?" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"सर," मी म्हटलं, "तुमच्या दारात कधी हलगी वाजली आहे का?"

त्यांना काही कळलं नाही. घंटा झाली आणि सगळे वर्गावर गेले. त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे.

माझं माहेर नांदेडचं. वडील एसटीत ड्रायव्हर होते. किनवटच्या जंगलातल्या गाड्या चालवून चालवून त्यांनी पै-पै जमवली आणि दोन खोल्यांचं घर बांधलं. घराला पुढं एक ओटा होता. आईचं सगळं राज्य त्या ओट्यावर. संध्याकाळी तिथं बसून ती मेथी निवडायची, गल्लीतल्या सुनांची बाजू घ्यायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकायची. आमच्या पुढं दोन घरं सोडली की भाऊंचा बंगला. भाऊ म्हणजे माझे भाऊ नव्हेत. अख्खं शहर त्यांना भाऊ म्हणतं म्हणून मीही म्हणते. हायवेला त्यांचं मंगल कार्यालय होतं, पेट्रोल पंप होता, आणि बंगल्याच्या फाटकावर दगडी सिंह बसवलेले होते.

वडिलांच्या किडन्या गेल्या. दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये घरपट्टी राहिली. राहिली म्हणजे खरोखर राहिली, मी त्यात काही झाकत नाही. आईनं आम्हा बहिणींना कळू दिलं नाही. वडील गेल्यावर ती म्हणायची, हळूहळू भरू. त्यातच धाकटीच्या लग्नाची घाई. आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकून घेतात, नाहीतर पुढं कितीतरी थांबावं लागतं. औशाचं एक स्थळ चालून आलं, मुलगा बँकेत. मार्च महिन्यातल्या एका रविवारी पाहुणे बघायला यायचे ठरले. मी आदल्या दिवशीच अहमदपूर-लोहा करत नांदेडला पोचले होते.

पाहुणे आले. आईनं मुरमुऱ्याचा सुशीला केला होता, वर खोबरं-कोथिंबीर. धाकटी ट्रे घेऊन बाहेर आली, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी कडाडली. पाहुण्यांतले एक वयस्कर मामा हसून म्हणाले, "अरे वा, नांदेडकरांनी स्वागताला हलगी लावली की." आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली. तिचं ते हसू मी आजही विसरलेले नाही, कारण हलगी जवळ जवळ येत गेली आणि आमच्याच दारात येऊन थांबली.

ते महापालिकेचं वसुली पथक होतं. मार्च अखेर आली की थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, चार लोक जमले की मोठ्यानं नाव वाचायचं, अशी पद्धत त्यांनी काढली होती. लाजेनं तरी माणूस भरेल, हा हिशोब. पथकातल्या साहेबांनी घसा साफ करून वाचलं, "मालमत्ताधारक," आणि पुढं माझ्या वडिलांचं नाव. जाऊन वर्षसुद्धा न झालेल्या माणसाचं पूर्ण नाव त्यांनी गल्लीत ओरडून वाचलं. मग आकडा. मग, नळ तोडण्यात येईल. आई हातात रिकाम्या बशा घेऊन उंबऱ्यात उभी होती. शेजारच्या बायका ओट्यांवर आल्या होत्या. हलगीवाला पन्नाशीतला, कपाळाला घाम, नजर खाली. रोजावर आणलेला माणूस, जिथं उभं करतील तिथं वाजवणार. त्यानं मन लावून वाजवली.

मग पथक पुढं निघालं. गल्लीभर वाजवत जायचं असा त्यांना हुकूमच होता. भाऊंचं फाटक आलं. हलगीवाल्यानं हात थांबवला आणि हलगी काखेत घेतली. मयतीच्या घरापुढून जाताना घेतात तशी. फाटक ओलांडून चार पावलं गेल्यावर त्यानं ती परत काढली आणि पुन्हा कडाडकड सुरू.

आता हे सांगायलाच हवं की वॉर्डातली सगळ्यात मोठी थकबाकी भाऊंची होती. बंगला, मंगल कार्यालय, सगळं थकलेलं. पेपरात छापून आलं होतं. न्हाव्याच्या दुकानात लोक ते वाचून हसले होते आणि गालाला साबण लावून घेत म्हणाले होते, भाऊच ते, भाऊंना कोण विचारणार. ही गोष्ट लपवायची कोणाला गरजच वाटत नव्हती. भाऊंनाही नाही.

संध्याकाळी ते स्वतः आमच्याकडे आले. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा वास. आईला म्हणाले, "काकू, मला सांगायचं की. मी भरून टाकलो असतो. एवढ्यासाठी तमाशा काहून होऊ द्यायचा?"

ज्या माणसानं स्वतःच्या दाराची पट्टी भरली नव्हती तो माझ्या आईची भरायला निघाला होता. आणि माझी आई हात जोडून म्हणाली, "तुम्ही विचारलंत, लई झालं." मी चहा आणून ठेवला. त्या चहात मीठ घालायचं माझ्या मनात आलं होतं, आणि घातलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पट्टी आईनं दुसऱ्याच दिवशी दंडासकट भरली, पैसे मी दिले. चार दिवसांनी औशाहून फोन आला. मुलगी छानच आहे, म्हणाले, पण घरची परिस्थिती जरा अडचणीची दिसते. धाकटी आत जाऊन कपडे धुवायला बसली, धुतलेलेच कपडे परत धुतले. आणि आईनं ओट्यावर बसणं सोडलं. मेथीची जुडी घेऊन मागच्या दाराशी, कपडे धुवायच्या दगडाजवळ बसायला लागली. तिथून समोर फक्त शेजारच्यांची भिंत दिसते. मी कितीदा म्हटलं, आई, पुढं बस की. ती म्हणायची, "मागं गार वाटतं."

त्या दिवसापासून मला दोन गोष्टी हव्या होत्या. आई ओट्यावर बसलेली दिसायला हवी होती, आणि भाऊंच्या दारात हलगी वाजायला हवी होती. एकीवर माझं भागणार नव्हतं.

वर्षं गेली. धाकटीचं दुसरीकडं लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, ती पुण्याला सुखात आहे. तिचा राग केव्हाच विरघळला. माझा नाही. मी प्रत्येक मार्चमध्ये तो झटकून, ऊन दाखवून परत ठेवत होते.

मग महापालिकेची निवडणूक लागली आणि भाऊ उभे राहिले. उमेदवारी अर्ज भरायचा तर थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. तेव्हा त्यांनी एका दुपारी सगळी घरपट्टी भरली. वर त्या वेळी शास्ती माफीची योजना चालू होती, म्हणजे इतकी वर्षं न भरल्याचा दंडही सुटला. आईनं मात्र दंडासकट भरली होती. भाऊंच्या पोरांनी पावतीचा फोटो मोबाइलवर गावभर फिरवला, खाली लिहिलं, प्रामाणिक करदाता. मी तो फोटो वर्गात मुलांचे पेपर तपासताना बघितला आणि लाल पेननं एका गरीब पोराच्या बरोबर उत्तरावर फुली मारून बसले. नंतर ती खोडली.

त्यांचं शपथपत्रही बघितलं. ते कोणीही बघू शकतं, बघत कोणी नाही. उत्पन्न बहुतेक सगळं शेतीचं दाखवलेलं, हदगावकडच्या जमिनीतलं. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नसतो, हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक आहे. माझी चुलत बहीण त्याच शिवारात दिलेली आहे, तिच्या आणि भाऊंच्या रानाला बांधाला बांध. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बाई, त्यांच्या रानात बाभळी हाईत. बकऱ्या चरून राहिल्या तिथं. पेट्रोल पंपाचं पीक आलं असंल बांधावर." आणि आम्ही दोघी खूप वेळ हसलो. मला हसताना चटकाही बसत होता.

धाकटीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, सोड ना आता. टॅक्स कोण धड भरतं? भाऊंनी महापालिकेत वजन वापरून गल्लीत सिमेंटचा रस्ता तर केला."

केला. माझ्या फेब्रुवारीच्या पगारातून केला, आईच्या दंडातून केला, न्हाव्यानं साबणाच्या वडीवर भरलेल्या टॅक्समधून केला. आणि रस्त्याच्या तोंडाशी कमान उभी राहिली ती भाऊंच्या नावाची. जो माणूस माझ्या ताटातलं घेऊन मलाच वाढतो आणि वर माझ्याकडून धन्यवाद घेतो, त्याच्या खिशात मी वाकून बघणारच. तो आमचे कर ठरवायला बसणार आहे. कोणाच्या दारात हलगी पाठवायची आणि कोणाच्या नाही, हे त्याच्या शब्दावर चालणार आहे. स्वतःची पट्टी त्यानं कशी भरली, ही त्याची खासगी बाब कशी? माझ्या वडिलांचं नाव तर भर गल्लीत वाचलं होतं. तेव्हा कोणाला ते खासगी वाटलं नव्हतं.

प्रचाराच्या शेवटच्या रविवारी मी नांदेडला गेले. भाऊंची फेरी आमच्या गल्लीतून जाणार होती. मी ठरवून आले होते, की ते दारात आले की सगळ्यांसमोर विचारायचं. काय विचारायचं ते बसमध्ये घोकत आले होते. आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "तू सरकारी नोकरीत हाईस. तुझा व्हिडिओ काढतील अन् तुला घरी बसवतील. तू आतल्या खोलीत बसायचं."

"आई, मग विचारणार कोण?"

"मत कोणाचं हाय हितं? तुझं लातूरला, माझं हितं. गप बस."

फेरी आली. पुढं हलगी, मागं गमछे घातलेली पोरं, मध्ये भाऊ हात जोडून. मी आतल्या खोलीच्या गल्लीकडच्या खिडकीतून बघत होते. हलगीवाला मी लगेच ओळखला. तोच, आता मिशा पांढऱ्या. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आई स्वतः ओट्यावर आली आणि तिच्या हातात ओवाळायचं ताट होतं. निरांजन, कुंकू, सुपारी. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्याकडे विधवा बाई ओवाळत नाही, हे काही कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. भाऊंचा एक कार्यकर्ता पुढं झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, ताईंना बोलवा ना. ताट त्यांच्याकडं द्या."

"काहून?" आई म्हणाली. "मत तर माझंच मागून राहिले नं तुम्ही?"

भाऊ हुशार माणूस. त्यांनी कार्यकर्त्याला मागं सारलं, पुढं येऊन मान वाकवली. आईनं कुंकू लावलं, ओवाळलं. आचारसंहिता असल्यामुळे उमेदवार ताटात स्वतः काही टाकत नाही, मागचा माणूस टाकतो. तशी एक नोट ताटात आली. आईनं ताट खाली ठेवलं, नोट उचलली आणि हलगीवाल्याला हाक मारली.

"ये रे बाबा, हिकडं ये. वळखलंस का मला?"

हलगी थांबली. त्यानं आईकडं बघितलं, घराकडं बघितलं. "हाव, मावशी."

"ह्याच दारात वाजवली होतीस तू. माझ्या मालकाचं नाव वाचलं होतं. मी भरलं, दंड बी भरला." आईचा आवाज चढला नव्हता. ती भाजीवालीशी बोलते तसंच बोलत होती, पण गल्ली एवढी गप्प झाली होती की मला आत सगळं ऐकू येत होतं. "भाऊंनी बी भरलंय आता. पण त्यांची हलगी ऱ्हाऊन गेली होती. हे घे पैसे. तेवढी वाजव त्यांच्या दारात. माझ्या दारात वाजवलीस तेवढीच, जास्त न्हाई."

भाऊ हसले. "काकू लई गमतीच्या हाईत," ते पोरांना म्हणाले आणि पोरं पण हसली. फेरी पुढं सरकली.

आता दोन घरं सोडून त्यांचाच बंगला. फेरीचा तो मानाचा मुक्काम. तिथं त्यांच्या घरच्या बायका हार आणि ताटं घेऊन उभ्या होत्या, आणि तिथं हलगी सगळ्यात जोरात वाजवायची हे आधीच ठरलेलं होतं. हलगीवाल्यानं आईसाठी वाजवली की भाऊंनी ठरवून दिलेल्या मजुरीसाठी, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण फाटकापुढं उभं राहून त्यानं थाप मारली आणि आमच्या समोरच्या घरातली म्हातारी खुदकन हसली. मग तिच्या शेजारची. मग कुठल्यातरी ओट्यावरून पथकाच्या साहेबाच्या सुरात हेल काढून आवाज आला, "मालमत्ताधारक..." आणि पुढं भाऊंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. गल्ली हसत सुटली. भाऊंची पोरंसुद्धा तोंडावर गमछा धरून हसत होती.

भाऊंनी काय करायचं? वाजू द्यावी तर ती वसुलीची हलगी, आणि थांबवावी तर कबुली. थोडा वेळ ते तसेच हात जोडून, दात दाखवत उभे राहिले. कान लाल झाले होते, मला खिडकीतून दिसत होतं. मग त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "बस, बस. बंद कर."

हलगीवाल्यानं हलगी काखेत घेतली.

मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसले आणि मग रडले. माझ्या लग्नात झाला नव्हता एवढा आनंद मला झाला. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. ज्यांनी तो घेतलेला नाही तेच हे म्हणतात.

भाऊ निवडून आले. हे लिहिलं नाही तर ते खोटं होईल. आमच्या केंद्रावर ते मागं पडले, पण वॉर्ड मोठा आहे आणि बाकीच्या वॉर्डानं ती हलगी ऐकली नव्हती. मी निकाल सांगितल्यावर आमचे इतिहासाचे सर म्हणाले, "बघा मॅडम, लोकांना फरक पडत नाही." मी म्हटलं, जिथं कळलं तिथं पडला. बाकीच्या गल्ल्यांमध्ये पोचायला मला अजून वेळ आहे, रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिली आहेत, आणि मग मला घरी बसवायची धमकी कोणी देऊ शकणार नाही. सरांनी डबा बंद केला.

पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा नांदेडला गेले होते. आई पुढच्या ओट्यावर बसली होती, समोर सुपात मेथी. उन्हानं ओटा तापला होता, तरी तिथंच. मी म्हटलं, मागं गार असतं ना? ती म्हणाली, "मागं काही दिसत न्हाई."

तेवढ्यात वसुलीचं पथक आलं. गल्लीभर वाजवत आलं, आमच्या दारावरून वाजवतच पुढं गेलं. आमचं काही देणं नव्हतं. भाऊंचं त्या वर्षी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. फाटक आलं आणि हलगीवाल्यानं सवयीनं हलगी काखेत घेतली. पथकाचे साहेबही खाली बघत चालायला लागले. बंगल्याच्या गच्चीवर भाऊ मोबाइलवर बोलत उभे होते.

आईनं मेथीची काडी मोडली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून रे बाबा, मेलंय का कोणी त्या घरात?"